पेट्रोल गेलं कुठे?

2 जानेवारी 2024. भोपाळमध्ये पेट्रोल पंपांसमोर रांगाच रांगा. नव्या भारतीय न्याय संहितेत, जीवघेणा अपघात करून खबर न देता पळणाऱ्या चालकाला 10 वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. तिच्या विरोधात ट्रकवाले, टँकरवाले संपावर गेले होते. तिकडे महाराष्ट्रात मनमाडजवळच्या पानेवाडीच्या इंधन डेपोपाशीही टँकर उभे होते.

भोपाळच्या बाग सेवनियातल्या आमच्या घरात एक स्कूटर. मी तासभर रांगेत उभा राहून टाकी फुल्ल करून आलो. बाबांनी विचारलं, "अरे, निम्मी भरलेली होती ना?"

होती. आणि सगळी गंमत त्या निम्म्या टाकीतच आहे.

समजा, एका शहरात 1 लाख स्कूटर आहेत. प्रत्येकीची टाकी 5 लिटरची. काटा एक लिटरवर आला की माणूस "दोनशेचं टाक" म्हणतो. भोपाळमध्ये तेव्हा लिटरचा भाव 108 रुपयांच्या पुढे होता, म्हणजे साधारण दोन लिटर पडतं आणि ते पाच दिवस पुरतं. रोज 20 हजार स्कूटर पंपावर येणार, 40 हजार लिटर नेणार. 12 हजार लिटरचे साडेतीन टँकरही पुरेत.

आता संपाची बातमी येते. पाच दिवसांत विभागलेले लोक एकाच दिवशी येतात आणि टाकी काठोकाठ भरतात. प्रत्येकाला सरासरी तीन लिटर लागतं. एकूण झालं 3 लाख लिटर, म्हणजे 25 टँकर! नेहमीच्या साडेसात पट. टँकर अगदी वेळेवर आले असते, तरी पंप कोरडेच पडले असते.

मग पेट्रोल गेलं कुठे? कुठेच नाही. पंपाच्या जमिनीखालच्या टाक्यांमधून निघून ते घरोघरच्या पार्किंगमध्ये जाऊन बसलं. प्रत्येक शहराच्या पोटात असा एक अदृश्य तलाव असतो. एरवी तो निम्माशिम्मा रिकामा असतो, म्हणून सगळ्यांना पुरतं.

रांगेत धावण्याऐवजी घरात काटकसर करायची, तर आधी पेट्रोलची किंमत कळायला हवी, रुपयांतली नव्हे, श्रमांतली. एका लिटरमध्ये साधारण 9 युनिट (किलोवॉट-तास) ऊर्जा असते. माणूस दिवसभर अंगमेहनत करून जेमतेम अर्धा-पाऊण युनिट काम करतो. म्हणजे ती लिटरभर बाटली म्हणजे एका मजुराचे पंधरा दिवस! 1973 साली पेट्रोलच्या दरवाढीचा निषेध म्हणून अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले होते. बैलाच्या खांद्यावरचं ओझं दिसतं. टाकीतलं दिसत नाही, एवढाच फरक.

त्यातही ही ऊर्जा बहुतेक वाया जाते. इंजिन जेमतेम पाव हिस्सा कामाला लावतं, उरलेली उष्णता होऊन उडते. गार इंजिन तर जास्तच पितं. म्हणून दूध, भाजी, औषधं यांसाठी तीन फेऱ्या मारण्यापेक्षा एकच फेरी बरी: जाताना एम्सजवळ औषधं, येताना साकेत नगरची भाजी. कोपऱ्यावरचं दूध पायी. चाकांत हवा नीट, वेग 40-50च्या आसपास, लांबच्या सिग्नलला इंजिन बंद. बाबांनी हा हिशोब त्याच संध्याकाळी वहीत मांडला. आठवड्याच्या अकरा फेऱ्यांच्या सहा झाल्या.

एक गोष्ट मात्र करायची नाही: बाटलीत किंवा कॅनमध्ये पेट्रोल भरून घरात ठेवणं. उणे 40 अंशांच्या थंडीतही त्याची पेट घेण्याइतकी वाफ होते. ती हवेपेक्षा जड, त्यामुळे फरशीवरून सरपटत जाते. स्वयंपाकघरातल्या शेगडीपर्यंत तिला पोचायला वेळ लागत नाही.

2 जानेवारीच्याच रात्री दिल्लीत सरकार आणि मोटार वाहतूकदारांची संघटना यांच्यात बोलणी झाली. ती 10 वर्षांच्या कैदेची तरतूद चर्चेशिवाय लागू करणार नाही, असं ठरलं. टँकर पुन्हा सुटले.

आमची स्कूटर खाली उभी होती. टाकीत 5 लिटर, म्हणजे बारा दिवसांची बेगमी. सकाळी बाबा दूध आणायला निघाले, पायी. मी किल्ली पुढे केली, तर म्हणाले, "राहू दे. तुझ्या तलावातलं पाणी आहे ते."