काटा तर निमित्त

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना या टप्प्यात ७५ किलोमीटर लांबीच्या एका मार्गिकेचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला गेला आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. वऱ्हाडाला चांगला रस्ता मिळाला. पण इथली मोटारसायकल महामार्गावर असते किती वेळ? दूध, खताची थैली, फवारणीचा पंप घेऊन ती पांदणीत शिरते, गिट्टी उखडलेल्या जोडरस्त्याने धावते आणि वावराच्या धुऱ्यापर्यंत जाते. तिथे पंक्चर ठरलेलं, असं आपण धरून चालतो. काटा कुठे भेटेल ते आपल्या हातात नाही, हे खरं. पण त्याचं काम सोपं करून ठेवणारा टायर आपलाच असतो.

टोचतं काय, कसं

कुपाटीसाठी तोडलेल्या बोरी-बाभळीच्या फांद्या पांदणीतून ओढत नेल्या की काटे मागे राहतात. तूर सोंगल्यावर उरलेलं धसकट त्याहून वाईट. विळ्याचा घाव तिरपा बसतो, बुंध्याला टोक येतं आणि उन्हात वाळून ते टणक होतं. सराट्याचं फळ तर कसंही पडलं तरी त्याचा एखादा काटा वरच राहतो. झिजलेल्या टायरला तेवढा पुरतो.

बहुतेक वेळा मागचंच चाक का पंक्चर होतं, यालाही कारण आहे. रस्त्यावरचा खिळा सहसा आडवा पडलेला असतो आणि आडवा खिळा टायरला काही करत नाही. पुढचं चाक त्याला उडवतं, क्षणभर उभा करतं आणि मागून येणारं चाक नेमकं टोकावर चढतं. डबलसीटचं ओझंही मागेच असतं. पावसाळ्यात यात भर पडते. ओल्या रबराचं टोकाशी घर्षण कमी होतं, त्यामुळे टोक सहज आत घुसतं, आणि काळ्या मातीच्या चिखलात काटा दिसतही नाही.

हवेचं गणित

समजा, मागच्या चाकावर १५० किलो भार आहे आणि हवा ३० पाउंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.१ किलो. भागाकार केला तर टायर जमिनीला जेमतेम ७० चौरस सेंटिमीटर, म्हणजे तळहाताएवढा टेकतो. हवा २० पाउंडांवर आली की हीच जागा १०० चौरस सेंटिमीटरच्या पुढे जाते. टायर पसरतो, त्याच्या बाजू प्रत्येक फेऱ्याला वाकतात आणि सतत वाकणारं रबर तापतं. असा टायर खड्ड्याच्या कडेवर आपटला की ट्यूब कड आणि रिम यांच्यात चिमटते. ट्यूब पाण्यात बुडवल्यावर शेजारी-शेजारी दोन चिरांतून बुडबुडे आले, तर काटा शोधत बसू नये. हवा कमी होती, एवढाच त्याचा अर्थ.

आणखी एक चूक उन्हाळ्यात होते. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि डांबर त्याहून कितीतरी जास्त तापतं. सकाळी ३० अंशांना भरलेली २८ पाउंड हवा, टायर ६५ अंशांपर्यंत तापल्यावर ३३ पाउंडांच्या आसपास दाखवते. ही वाढ नैसर्गिक आहे. टायर फुटेल या भीतीने दुपारी ती पुन्हा २८ वर आणली, तर रात्री गार झालेल्या टायरात २४ पाउंडही उरत नाहीत. म्हणून हवा तपासावी ती सकाळी, गाडी फारशी पळण्याआधी. किती भरायची तो आकडा गाडीवरच्या स्टिकरवर किंवा माहितीपुस्तिकेत असतो. डबलसीटसाठी बहुधा वेगळा आकडा दिलेला असतो, तोही पाहावा.

ठिगळामागचं रसायन

कच्चं रबर गंधकासोबत तापवलं की टिकाऊ होतं, हे चार्ल्स गुडइयर यांना १८३९ मध्ये उमगलं. गंधकाचे अणू रबराच्या लांबलचक रेणूंना एकमेकांशी बांधतात. १८८८ मध्ये बेलफास्टचे पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. पंक्चरच्या दुकानात या दोन्ही शोधांची गाठ पडते. हॉट पॅचमध्ये उष्णता आणि दाब यांनी ही बांधणी होते. साध्या पॅचमध्ये तेच काम, उष्णता न देता, पॅच आणि सोल्यूशन यांतली रसायनं करतात.

म्हणून कारागिराच्या हाताचा क्रम पाहण्यासारखा असतो. घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब फिरवून तो बुडबुडा पकडतो, छिद्राभोवती खूण करतो, जागा कोरडी करून कानशीने घासतो. घासल्याने वरचा मळकट थर जातो आणि ताजं रबर उघडं पडतं. मग सोल्यूशनचा पातळ हात, आणि त्याची चमक जाईपर्यंत थांबणं. हे थांबणं सर्वांत महत्त्वाचं. सोल्यूशनमधला द्रावक उडून जाण्याआधी पॅच दाबला तर द्रावक आत अडकतो, जोड कच्चा राहतो आणि उन्हात टायर तापला की ठिगळ सुटतं. “लवकर कर ना भाऊ” म्हणून घाई करणारं गिऱ्हाईक आपलंच नुकसान करतं.

ट्यूब परत घालण्याआधी टायरच्या आतून जपून चिंधी फिरवावी. मोडलेल्या काट्याचं टोक तिथेच असेल तर नवी ट्यूबही टिकणार नाही. पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात रिमही आतून पाहावी. खाऱ्या पाण्याने धुतलेलं लोखंड लवकर गंजतं आणि गंजाचे पापुद्रे ट्यूब घासत राहतात.

ट्यूबलेस आणि जेल

ट्यूबला छिद्र पडलं की ताणलेलं रबर फाटत जातं आणि हवा रिमच्या भोकांतून सुसाट निघून जाते. ट्यूबलेस टायरात जाड रबर खिळ्याला घट्ट धरतं, त्यामुळे हवा हळूहळू उतरते. म्हणून खिळा दिसताच रस्त्यात उपसू नये. हवा तपासत सावकाश दुकान गाठावं. छिद्रात दोरी घालून केलेली दुरुस्ती फक्त जमिनीला टेकणाऱ्या भागात चालते. बाजूची भिंत सतत वाकते, तिथे दोरी टिकत नाही. तिथे छिद्र पडलं तर टायर बदलावा.

पंक्चर रोखण्यासाठी टायरात भरतात त्या जेलमधले तंतू हवेच्या दाबाने छिद्रात जाऊन अडकतात. लहान काट्याला ते पुरतं, चिरेला नाही. जेल भरलं म्हणून हवा तपासणं सोडू नये.

चालत्या गाडीचं मागचं चाक हवा उतरून डोलू लागलं तर जोरात ब्रेक दाबू नका. हँडल सरळ धरा, रेस हळूहळू सोडा आणि बाजूला घ्या. हवा नसलेल्या चाकावर दुकानापर्यंत गाडी रेटली तर व्हॉल्व्ह उपटतो आणि काही रुपयांच्या ठिगळाचं काम नव्या ट्यूबवर जातं.

आठवड्यातून एकदा सकाळी हवा, अधूनमधून नक्षीत रुतलेली गिट्टी काढणं, आणि नक्षीतल्या खुणेपर्यंत झिजलेला टायर वेळीच बदलणं, एवढं पाळलं तरी कितीतरी पंक्चर टळतील. आणि टायरातून निघालेला खिळा रस्त्याकडेला भिरकावू नका. दुकानातल्या डब्यात टाका. मागून येणारी गाडी शेजारच्या गावातलीच असते.