‘कॅरी’ या इंग्रजी क्रियापदाची अनेकार्थता : एका फौजदारी खटल्याच्या अनुषंगाने

प्रास्ताविक

इंग्रजी ही परकी भाषा म्हणून शिकणाऱ्या विद्यार्थ्याला लांबलचक शब्दांची धास्ती वाटते. प्रत्यक्षात त्याला अडवितात ते चार-पाच अक्षरी शब्द. ‘फोटोसिंथेसिस’ या शब्दाचा अर्थ एकदा समजला की काम भागते. ‘गेट’, ‘सेट’, ‘रन’, ‘टेक’, ‘कॅरी’ यांसारखी क्रियापदे मात्र दरवेळी नव्याने समजून घ्यावी लागतात. एका शब्दाच्या ठिकाणी परस्परसंबद्ध असे अनेक अर्थ नांदण्याच्या या स्थितीला फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ मिशेल ब्रेआल यांनी १८९७ साली ‘पॉलिसेमी’ असे नाव दिले. मराठीत तिला अनेकार्थता म्हणतात.

अनेकार्थता हा सामान्यतः कोशकारांच्या आणि भाषांतरकारांच्या चिंतेचा विषय मानला जातो. परंतु एखाद्या शब्दाचा कोणता अर्थ घ्यावा यावर माणसाची पाच वर्षांची कैद अवलंबून असेल, तर हा प्रश्न वर्गाच्या चार भिंतींत राहत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली ‘मस्कारेलो विरुद्ध अमेरिका’ या खटल्यात ‘कॅरी’ या एकाच क्रियापदाचा अर्थ ठरविण्यासाठी कोश, बायबल, कादंबऱ्या आणि वृत्तपत्रे धुंडाळली. या खटल्याच्या आधारे सदर शब्दाची अर्थव्याप्ती आणि तिच्यातून निर्माण होणारा पेच स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शब्दाचे मूळ आणि विस्तार

‘कॅरी’ हा शब्द उत्तर फ्रान्समधील जुन्या फ्रेंच बोलीतून चौदाव्या शतकात इंग्रजीत आला. त्याच्या मुळाशी लॅटिन ‘कारुस’ म्हणजे चाकांची गाडी हा शब्द आहे. ‘कार’, ‘कॅरेज’, ‘कार्गो’, ‘चार्ज’ आणि ‘करिअर’ हे शब्द याच कुळातील; इतकेच काय, ‘कॅरिकेचर’ म्हणजे व्यंगचित्र हाही इटालियन भाषेतील ‘ओझे लादणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून आलेला, म्हणजे याच घराण्यातला शब्द होय. तेव्हा ‘कॅरी’चा व्युत्पत्तीच्या दृष्टीने पहिला अर्थ ‘गाडीतून वाहून नेणे’ असा ठरतो. पुढे गाडी मागे पडली, नेणे तेवढे उरले, आणि ते नेणे हातातून, खांद्यावरून, खिशातून होऊ लागले.

आजच्या इंग्रजीत या शब्दाचा पसारा थक्क करणारा आहे. दुकान माल ‘कॅरी’ करते, वृत्तपत्र बातमी ‘कॅरी’ करते, गर्भवती स्त्री मूल ‘कॅरी’ करते, सभेत ठराव ‘कॅरी’ होतो, आवाज दूरवर ‘कॅरी’ होतो. बेरजेत आपण ज्याला ‘हातचा’ म्हणतो तोही इंग्रजीत ‘कॅरी’च. क्रिकेटमध्ये चेंडू टप्पा न पडता स्लिपमधील क्षेत्ररक्षकाच्या हातापर्यंत पोहोचला तर तो ‘कॅरी’ झाला असे म्हणतात, आणि सलामीचा फलंदाज संघाचा डाव संपेपर्यंत नाबाद राहिला तर त्याने आपली बॅट ‘कॅरी’ केली असे म्हणतात. १९८३ साली फैसलाबाद कसोटीत सुनील गावसकर यांनी नाबाद १२७ धावा काढून हा मान मिळविला होता. अमेरिकेच्या दक्षिणेकडील बोलीत तर माणसालाही ‘कॅरी’ करतात. ‘आजीला बाजारात कॅरी केले’ याचा तेथील अर्थ आजीला सोबत घेऊन बाजारात सोडले एवढाच. उचलून नेले असा नव्हे.

महाराष्ट्रानेही या शब्दाच्या संसारात आपली भर घातली आहे. भाजीवाल्याकडे मागितली जाणारी ‘कॅरीबॅग’ आता मराठीच झाली आहे. आणि नापास विषय शिल्लक असतानाही पुढील वर्षात प्रवेश मिळावा म्हणून विद्यार्थी जेव्हा ‘कॅरी ऑन’ची मागणी करतात, तेव्हा ते या क्रियापदाला जो अर्थ देतात तो लंडनच्या माणसाला समजावून सांगावा लागेल.

शब्दावरून उभा राहिलेला खटला

अमेरिकेतील १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्यात एक कलम आहे. पुढे विस्तारित झालेल्या या कलमानुसार अमली पदार्थांच्या व्यापाराचा गुन्हा करताना आणि त्या गुन्ह्याच्या संदर्भात जो कोणी बंदूक ‘यूज’ करील किंवा ‘कॅरी’ करील, त्याला मूळ शिक्षेखेरीज किमान पाच वर्षांची कैद भोगावी लागते. न्यायाधीशाला ती कमी करता येत नाही. या दोन साध्या क्रियापदांवरून न्यायालयांत जो काथ्याकूट झाला, त्याला तोड नाही.

आधी ‘यूज’ची पाळी आली. १९९३ साली स्मिथ नावाच्या आरोपीच्या खटल्यात असा प्रश्न होता की, कोकेनच्या मोबदल्यात बंदूक देऊ करणे म्हणजे बंदूक ‘वापरणे’ होय काय? बहुमताने ‘होय’ असे उत्तर दिले. बंदूक स्वयंचलित असल्यामुळे तेथे अतिरिक्त शिक्षा तब्बल तीस वर्षांची होती. न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांनी विरोधी मत देताना काठीचा दृष्टान्त दिला. ‘तुम्ही काठी वापरता काय?’ असे कोणी विचारले, तर त्याला तुम्ही काठी टेकत चालता काय हे हवे असते. आजोबांची चांदीच्या मुठीची काठी तुम्ही दिवाणखान्यात शोभेसाठी लावली आहे काय, हे नव्हे. हा दृष्टान्त मराठीत जसाच्या तसा लागू पडतो, हे विशेष. पुढे १९९५ साली बेली खटल्यात न्यायालयाने एकमताने ‘यूज’चा अर्थ आवळला आणि बंदुकीचा सक्रिय वापर झाला पाहिजे असे ठरविले. नुसती जवळपास ठेवलेली बंदूक ‘यूज’मधून निसटली, साहजिकच सरकारी वकिलांचे लक्ष कलमातील दुसऱ्या क्रियापदाकडे वळले.

मस्कारेलो हा आपल्या ट्रकमधून गांजा विकत असे. त्याचे पिस्तूल पोलिसांना ट्रकच्या डॅशबोर्डमधील कुलूपबंद कप्प्यात सापडले. याच्यासोबत ऐकलेल्या दुसऱ्या प्रकरणात आरोपींनी बंदुका पिशवीत भरून मोटारीच्या डिकीत ठेवल्या होत्या. प्रश्न एकच : अंगावर नसलेली, हात घालताच हाती न येणारी बंदूक ‘कॅरी’ केली असे म्हणता येईल काय? मौजेची गोष्ट अशी की, गुन्ह्याची कबुली देताना मस्कारेलोने स्वतःच आपण बंदूक ‘कॅरी’ केल्याचे सांगितले होते. हा शब्द कायद्यातील ‘कॅरी’ नव्हे, असे त्याचे म्हणणे नंतर पुढे आले.

८ जून १९९८ रोजी पाच विरुद्ध चार अशा मतांनी निकाल सरकारच्या बाजूने लागला. बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती स्टीफन ब्रेयर यांनी लिहिले. ऑक्सफर्ड कोशात ‘कॅरी’चा पहिला अर्थ वाहनातून नेणे असा आहे, याकडे त्यांनी बोट दाखविले, अंगावर शस्त्र बाळगण्याचा अर्थ तेथे बराच खाली येतो. व्युत्पत्तीही त्यांच्या बाजूची होती. बायबलच्या इंग्रजी भाषांतरात राजाला रथातून ‘कॅरी’ केले आहे, रॉबिन्सन क्रूसो होडीतून सामान ‘कॅरी’ करतो, ‘मोबी डिक’ कादंबरीत हातगाडीवरून पेटी ‘कॅरी’ केली जाते, असे दाखले त्यांनी दिले. त्यापुढे जाऊन संगणकीय संग्रहांतून त्यांनी अशी वृत्तपत्रीय वाक्ये शोधविली, ज्यांत ‘कॅरी’, ‘वाहन’ आणि ‘शस्त्र’ या तिन्ही अर्थांचे शब्द एकत्र आले आहेत. हजारो वाक्ये मिळाली, आणि नमुन्यादाखल तपासलेल्या वाक्यांपैकी बहुधा एकतृतीयांशाहून अधिक वाक्यांत मोटारीतून बंदूक नेण्याचाच अर्थ होता.

न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी चौघांच्या वतीने विरोधी मत लिहिले. त्यांचा पहिलाच सवाल बिनतोड होता : मग उरलेल्या दोनतृतीयांश वाक्यांत कोणता अर्थ होता? बायबलच्या इतर भाषांतरांत त्याच ठिकाणी निराळी क्रियापदे आहेत, हेही त्यांनी दाखविले. त्यांनी आधार घेतला तो ब्लॅक यांच्या कायदेकोशाचा. त्यात ‘शस्त्र कॅरी करणे’ याचा अर्थ ते अंगावर, वस्त्रात किंवा खिशात, प्रसंगी वापरता यावे अशा सिद्धतेने बाळगणे असा दिला आहे. थिओडोर रूझवेल्ट यांचा सोटा आणि ‘मॅश’ या दूरचित्रवाणी मालिकेतील डॉक्टरचे ‘कॅरी’ या शब्दावर कोट्या करणारे भाषणही त्यांच्या निकालपत्रात आले. न्यायालयीन लेखनात असा विनोद विरळाच.

कोशांचा क्रम आणि शब्दांचे शेजार

दोन्ही बाजूंनी कोश उघडले, दोन्ही बाजूंना हवे ते सापडले. याचे कारण कोश शब्दाचे शक्य अर्थ सांगतो. अमुक वाक्यात कोणता अर्थ झाला आहे हे सांगणे त्याच्या कक्षेबाहेरचे आहे. शिवाय बहुमताच्या युक्तिवादात एक गफलत होती. १८८४ ते १९२८ या काळात प्रथम प्रसिद्ध झालेला ऑक्सफर्ड कोश ऐतिहासिक तत्त्वावर रचलेला आहे. त्यात अर्थांचा क्रम हा त्यांच्या वयाचा क्रम होय. जो सर्वांत जुना तो पहिला. पहिल्या क्रमांकाचा अर्थ आज सर्वाधिक रूढ आहे असे त्यावरून मुळीच सिद्ध होत नाही. व्युत्पत्तीचेही तसेच. तिच्या आधारे आजचा अर्थ ठरवायचा तर मराठीत ‘कुशल’ म्हणावे ते कुश नावाचे गवत तोडणाऱ्यालाच.

वृत्तपत्रांतील वाक्ये तपासण्याची कल्पना मात्र मोलाची होती आणि भारतीय परंपरेला ती अपरिचितही नाही. ‘सैंधव आण’ असे म्हटल्यावर जेवताना मीठ आणावे आणि निघताना घोडा, हे उदाहरण सर्वश्रुत आहे. अनेकार्थी शब्दाचा अर्थ निश्चित करणाऱ्या घटकांची जी यादी भर्तृहरीच्या ‘वाक्यपदीय’ ग्रंथात येते, तिच्यात साहचर्य, प्रकरण आणि अन्य शब्दाचे सान्निध्य यांचा समावेश आहे. ब्रेयर यांनी शोधले ते हे सान्निध्यच. दोष शोधण्याच्या रीतीत होता. ‘वाहन’ हा शब्द त्यांनी शोधाच्या अटीतच घातला. गाडी असलेली वाक्येच गोळा केल्यावर त्यांत गाडी सापडावी यात नवल ते काय? विधिअभ्यासक स्टीफन मॉरिट्सन यांनी २०१० साली या खटल्यावर लिहिलेल्या लेखात समकालीन अमेरिकन इंग्रजीच्या संगणकीय भाषासंग्रहाचा आधार घेतला, तेव्हा शस्त्रवाचक नामांच्या सान्निध्यात ‘कॅरी’चा अंगावर बाळगण्याचा अर्थच वरचढ असल्याचे दिसून आले.

तरीही वरचढ अर्थ म्हणजे कायद्याचा अर्थ काय, हा प्रश्न उरतोच. गुन्हा करण्याचा मोह झालेल्या माणसाने निदान बंदूक घरी ठेवून निघावे, हा या कलमाचा हेतू १९६८ साली संसदेतील चर्चेत सांगण्यात आला होता. त्या दृष्टीने कप्प्यातले पिस्तूल आणि खिशातले पिस्तूल यांत फरक राहत नाही. उलट, शिक्षा सांगणारा शब्द संदिग्ध असेल तर संशयाचा फायदा आरोपीला द्यावा, हे जुने तत्त्व गिन्सबर्ग यांनी पुढे केले. बहुमताच्या मते येथे तेवढी गंभीर संदिग्धता नव्हती. नऊ न्यायमूर्ती ज्या शब्दावर पाच आणि चार असे विभागले जातात तो शब्द पुरेसा संदिग्ध नाही, हे म्हणणे पटण्याजोगे वाटत नाही.

हेच कलम मराठीत लिहावयाचे असते तर मसुदाकाराला आरंभीच निवड करावी लागली असती. ‘नेणे’, ‘वाहणे’, ‘घेऊन फिरणे’, ‘अंगावर असणे’ अशी निरनिराळी क्रियापदे मराठीने या कामी लावली आहेत. ‘बाळगणे’ हा शब्द निवडला तर कप्पा आणि डिकीच काय, घरातले कपाटही त्यात येईल. ‘जवळ घेऊन फिरणे’ म्हटले तर आरोपी सुटण्याचा संभव वाढेल. अर्थात ‘बाळगणे’ हेही काही साधे क्रियापद नव्हे. माणसे कुत्रा बाळगतात, तशीच भीतीही बाळगतात. भारताच्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या इंग्रजी पाठात ‘ताब्यात ठेवणे’ आणि ‘कॅरी करणे’ हे दोन्ही शब्दप्रयोग शेजारी शेजारी ठेवलेले आहेत. अमेरिकेच्या संसदेनेही नोव्हेंबर १९९८ मध्ये सदर कलमात दुरुस्ती करून, गुन्ह्याला साहाय्य व्हावे म्हणून बंदूक ताब्यात ठेवणे हाही स्वतंत्र प्रकार जोडला.

एका व्याख्येचा पुढील प्रवास

मस्कारेलोच्या खटल्यात हरलेली व्याख्या पुढे निराळ्याच मार्गाने जिंकली. २००८ साली कोलंबिया जिल्हा विरुद्ध हेलर या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे संविधानाच्या दुसऱ्या दुरुस्तीतील शस्त्र ‘बेअर’ करण्याच्या हक्काचा अर्थ आला. बहुमताचे निकालपत्र स्कॅलिया यांचे होते; १९९८ साली ते गिन्सबर्ग यांच्या विरोधी मतात सहभागी होते. ‘बेअर’ म्हणजे ‘कॅरी’ असे सांगून त्यांनी गिन्सबर्ग यांनी दिलेली ‘अंगावर, वस्त्रात किंवा खिशात’ ही व्याख्या उद्धृत केली, आणि तिच्या साहाय्याने बंदूक बाळगण्याचा व्यक्तिगत हक्क मान्य केला. गिन्सबर्ग स्वतः त्या खटल्यात विरोधी बाजूस होत्या.

२०२२ साली ब्रुएन खटल्यात घराबाहेर पिस्तूल बाळगण्याचा हक्क मान्य करताना हीच व्याख्या पुन्हा उद्धृत झाली. तोपर्यंत गिन्सबर्ग यांचे निधन होऊन दोन वर्षे होत आली होती. ते निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस १९९८ साली बहुमतात होते. कुलूपबंद कप्प्यातले पिस्तूलही ‘कॅरी’ केलेलेच असते, असे ठरविणाऱ्या पाचांपैकी ते एक होते.