तुमचा बंजार कुठला?

विमानतळावरून उबुदला निघालो आणि गाडी चालवणाऱ्या माणसानं पहिला प्रश्न विचारला, "इबू, घरी कोण कोण असतं?" इबू म्हणजे आई, कुठल्याही बाईला आदरानं असंच म्हणतात. मीही त्याला 'ब्ली' म्हणू लागले. ब्ली म्हणजे दादा. नाव विचारून फारसा उपयोग नव्हता, कारण बालीत नावं जन्मक्रमानं पडतात. पहिलं मूल वायान किंवा पुतू, दुसरं मादे किंवा कादेक, तिसरं न्योमान किंवा कोमांग, चौथं केतुत. पाचवं झालं की पुन्हा वायानपासून सुरुवात. 'मादे'मध्ये आपला 'मध्य' आहे. आमचा ब्ली घरातला दुसरा, तेव्हा त्याचं नाव वाचकांनीच ओळखावं.

सरकारच्या 'दोन मुलं पुरे' मोहिमेनं या पद्धतीची पंचाईत करून ठेवली आहे. दोनच मुलं झाली तर न्योमान आणि केतुत येणार कुठून? २०१९ मध्ये राज्यपाल वायान कोस्तर यांनी ही मोहीम थांबवून चार मुलांचा पुरस्कार केला, तो यातूनच. ब्लीला दोन मुलं आहेत. "राज्यपाल फी भरणार असतील तर केतुतपर्यंत जाऊ," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ब्ली दीड तास उशिरा आला. डोक्याला उदेंग बांधलेला, कमरेला कामेन गुंडाळलेलं, डोळे तांबारलेले. पहाटे कुलकुल वाजला होता. कुलकुल म्हणजे उंच मनोऱ्यात टांगलेला पोकळ लाकडी ओंडका, वस्तीची घंटा म्हणा ना. बैठकीला बोलावायचा ठेका वेगळा, मयताचा वेगळा, आगीचा वेगळा. तो ऐकला की घरटी एक माणूस हातातलं काम टाकून निघतो. ब्लीच्या बंजारात एक म्हातारे गेले होते. कुणी बांबू तोडायला, कुणी मांडव घालायला, बायका तांदूळ, साखर, कॉफी घेऊन त्या घरी. रात्री पुरुषांनी तिथंच पत्ते खेळत जागायचं, म्हणजे घरच्यांना एकटं वाटत नाही.

"म्हणजे तुमची ओळख होती त्यांच्याशी?"

"नव्हती फारशी. बंजार एकच."

आपला बंजारा एका जागी राहत नाही. यांचा बंजार माणसाला जागचा हलू देत नाही. बंजार म्हणजे शेजारघरांची बांधील संघटना. लग्न झालं की जोडपं तिचं सभासद होतं. तिचं एक जुनं नाव 'सुका-दुका', अर्थ सांगायची गरज नाही. मंदिराच्या उत्सवाला, मयताला, लग्नाला कामाला जायचं. या बिनमोबदल्याच्या कामाला 'न्गायाह' म्हणतात. गैरहजेरीला दंड, आणि दंडाचा शब्दही 'दंड'च. वारंवार चुकलात तर शेवटची शिक्षा 'कसेपेकांग', म्हणजे वाळीत टाकणं. तुमच्याशी कुणी बोलत नाही, तुमच्या घरच्या मयताला कुणी येत नाही, प्रसंगी गावचं स्मशानही बंद होतं. वाळीत टाकण्याचा महाराष्ट्राला पुरेसा अनुभव आहे, त्याविरुद्ध इथं २०१६ मध्ये कायदा करावा लागला. त्यामुळे बालीच्या 'सामूहिक जीवना'चं कौतुक लिहिताना माझा हात आखडतो. हे प्रेम ऐच्छिक नाही.

पण मग ब्लीनं विचारलं, "इबू, तुमचा बंजार कुठला?"

मी ठाण्यातल्या सोसायटीचं वर्णन केलं. शहाऐंशी फ्लॅट, लिफ्ट, सीसीटीव्ही. वडील गेले तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर बासष्ट 'भावपूर्ण श्रद्धांजली' आल्या, हे सांगितलं. खांद्याला चौथा माणूस मिळेना म्हणून वॉचमनची ड्यूटी संपेपर्यंत आम्ही थांबलो होतो, ते मात्र सांगितलं नाही.

बालीची लोकसंख्या ४३ लाखांच्या आसपास, त्यात शंभरातले सुमारे ८७ हिंदू. आपण तिथं जातो आणि ओळखीचे शब्द ऐकून हरखतो. भेटल्यावर 'ॐ स्वस्त्यस्तु', प्रार्थनेच्या सुरुवातीला गायत्री मंत्र. 'सुक्स्म' म्हटलं की आभार, म्हणजे आपला 'सूक्ष्म'. पण मला गंमत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. आपल्याकडे जे शब्द कीर्तनात आणि शाळेच्या निबंधात उरले, त्यांना तिथं हातपाय आहेत.

षड्रिपूच घ्या. काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर आपण तोंडपाठ म्हणतो. बालीत ते दातांत असतात, आणि कानशीने घासावे लागतात. मुलगा-मुलगी वयात आली की 'मेपांदेस' करायचा: वरचे चार पुढचे दात आणि दोन सुळे, एकूण सहा, थोडे घासून सपाट करायचे. सुळे जनावराचे, सपाट दात माणसाचे. पांढऱ्या-पिवळ्या वस्त्रांत सजलेली मुलं आडवी होतात, आई-वडील उशाशी बसतात. खर्च मोठा, म्हणून चुलत-मावस भावंडांचं एकदमच उरकतात. "दुखतं का?" मी विचारलं. "आवाज वाईट असतो," ब्ली म्हणाला, "आणि क्रोध अजून आहे. आमच्या हिला विचारा."

तसंच ऋणाचं. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ही तीन ऋणं तिथं 'त्रि र्‍ण' म्हणून शाळेत शिकवतात, आणि ती फेडायला पाच यज्ञ: देव, ऋषी, पितृ, मनुष्य आणि भूत. दात घासून देणं हे आई-बापांचं मुलांप्रती कर्तव्य, तर मुलांनी आई-बापांचं 'न्गाबेन', म्हणजे अग्निसंस्कार, करायचं. हे आपल्यासारखं त्याच दिवशी होतंच असं नाही. मनोरा, लाकडी बैल, वाद्यवृंद, शेकडो माणसांचं जेवण, एवढा पैसा जमेपर्यंत पार्थिव पुरून ठेवतात, कधी कधी काही वर्षं. अलीकडे गावं मिळून सामुदायिक न्गाबेन करतात, त्यामुळे गरिबाचाही बाप निघतो. ब्लीच्या वडिलांचं पाचव्या वर्षी झालं. "ती पाच वर्षं झोप लागायची, पण अर्धी," तो म्हणाला.

त्यानंतर पितर घरच्या देवळात येऊन राहतात. उबुदकडे वाड्याच्या ईशान्य बाजूला हे देऊळ असतं. बालीतला सर्वांत पवित्र पर्वत आगुंग; जिकडं तो, तिकडं माथा. पुढं पितर त्याच घरात पुन्हा जन्म घेतात असं मानतात. बाळ झालं की कोण परत आलं हे बालियानला, म्हणजे जाणत्याला, जाऊन विचारतात. बाली भाषेत पणजोबा आणि पणतू या दोघांनाही एकच शब्द आहे, 'कुंपी'. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात आणि मग सासऱ्यांचं नाव घ्यायचं नाही म्हणून सून त्याला 'बाळ' म्हणते. ते मी सांगितलं तेव्हा ब्ली स्टिअरिंगवर हात आपटून हसला.

या सगळ्यात बाया कुठं आहेत? सगळीकडे. रोज सकाळी माडाच्या कोवळ्या पानाच्या द्रोणात फुलं मांडून 'चनांग' ठेवायचं: पूर्वेला पांढरं, दक्षिणेला तांबडं, पश्चिमेला पिवळं, उत्तरेला गडद. मध्ये विड्याचं पान, चुना, सुपारी. देवळात, उंबऱ्यावर, चुलीवर, मोटारसायकलवर, दुकानाच्या गल्ल्यावर. जमिनीवरचं भुतांसाठी, ते कुत्रं लगेच खातं आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नसते. हॉटेलात नोकरी करणाऱ्या बायका आता ते बाजारातून तयार घेतात, आणि त्याचं पान पुष्कळदा शेजारच्या जावा बेटावरून येतं. उबुदला शांती शोधायला येणाऱ्यांची रीघ २०१० मधल्या ज्युलिया रॉबर्ट्सच्या चित्रपटानंतर वाढली. त्यात नायिका खाते, प्रार्थना करते, प्रेमात पडते. ब्लीच्या बायकोचं त्यावरचं मत त्यानं मला ऐकवलं: "खायचं मी रांधते, प्रार्थनेची तयारी मी करते. तिसऱ्याला वेळ कुठं आहे?"

वारसा मात्र मुलाकडे. मुलीनं लग्न केलं की तिचे पितर बदलतात. मुलगाच नसेल तर मुलीला 'सेंताना राजेग' करून जावई घरी आणतात. घरजावयाला तिथंही टोमणे आहेतच. २०१० मध्ये बालीच्या रूढी-ग्राम परिषदेनं मुलींना मिळकतीत वाटा देणारा ठराव केला. ब्लीची बहीण देनपसारला दिलेली. "तिनं मागितला नाही," तो म्हणाला. हे वाक्य सातबाऱ्यावरून नावं कमी करताना आपल्या तलाठी कचेऱ्यांतही बोललं जातं.

शेवटच्या दिवशी भातखाचरांतून जाताना त्यानं पाण्याचं सांगितलं. इथं पाटाचं पाणी 'सुबाक' ही शेतकऱ्यांची संघटना वाटते. तिचं मंदिर असतं आणि कुणी कधी पेरायचं हे सगळे मिळून तिथं ठरवतात. १९७० च्या दशकात जास्त पिकवायच्या नादात ज्यानं-त्यानं हवं तेव्हा पेरलं आणि कीड बेसुमार वाढली. स्टीफन लान्सिंग या अमेरिकी अभ्यासकानं दाखवलं की मंदिरांच्या वेळापत्रकानं शेतं एकदमच पडीक राहतात, त्यामुळे किडीला खायला उरत नाही. २०१२ मध्ये युनेस्कोनं सुबाकला जागतिक वारसा ठरवलं. ब्लीनं मात्र आपलं अर्धं खाचर एका व्हिलावाल्याला भाड्यानं दिलं आहे. वडिलांच्या न्गाबेनचा खर्च त्यातूनच निघाला.

मी फोनवरचं पंचांग उघडून त्याला शके दाखवलं. त्यानं भिंतीवरचं त्यांचं कॅलेंडर आठवून आकडा सांगितला, तोच. यांचं शक आणि आपलं शालिवाहन शक एकच आहे; अधिक मास धरण्याची रीत वेगळी, म्हणून वर्षाचा पहिला दिवस कधी महिन्याच्या अंतरानं येतो, तर कधी जुळतो. २०२३ मध्ये २२ मार्चला शके १९४५ दोन्हीकडे एकदमच लागलं. आपण गुढी उभारली, त्यांनी न्येपी पाळली: दिवे नाहीत, काम नाही, प्रवास नाही, करमणूक नाही. २०१८ पासून त्या दिवशी मोबाइलचं इंटरनेटही बंद असतं. "कुणाला कुठं जाता येत नाही," ब्ली म्हणाला, "म्हणून सगळे आदल्या रात्रीच आईकडे येतात."

मग त्यानं विचारलं, "तुमच्या आईकडे आत्ता कोण आहे?"

"चोवीस तासांची बाई ठेवलीय."

"आणि त्या बाईच्या आईकडे?"

२०२६ मध्येही पाडवा आणि न्येपी एकाच दिवशी, १९ मार्चला. पाडव्याला जोडून बालीचं तिकीट काढणाऱ्यांनी आधी पंचांग बघावं. न्येपीला बालीचा विमानतळ चोवीस तास बंद असतो.