पाणंद रस्त्यावर स्वयंचलित गिअर

पावसाळ्यात काळ्या जमिनीतील पाणंद रस्त्याने माल बाहेर काढणे ही शेतकऱ्याची कसोटीच असते. त्यासाठी लहान फोर व्हील ड्राइव्ह वाहन घेऊ इच्छिणाऱ्यांपुढे आता गिअरबॉक्सचीही निवड असते. नाशिक येथे तयार होणारी महिंद्रा थार २०२० पासून सहा गतींच्या, तर मारुती सुझुकीची पाच दरवाजांची जिम्नी २०२३ पासून चार गतींच्या स्वयंचलित गिअरबॉक्ससह मिळते.

या दोन्हींमध्ये क्लचच्या जागी तेलाने भरलेला टॉर्क कन्व्हर्टर असतो. इंजिनाला जोडलेला पंखा तेल फिरवतो आणि त्या तेलाच्या झोताने समोरचा पंखा फिरतो. गाडी सुटताना ओढशक्तीही वाढते. त्यामुळे चढावर किंवा चिखलात अर्ध्या क्लचवर गाडी चालवून क्लचप्लेट जाळण्याचा प्रश्न उरत नाही. अनेक लहान मोटारींतील एएमटी मात्र निराळी. तिच्यात नेहमीचाच क्लच यंत्राद्वारे चालतो व तो झिजतो.

टॉर्क कन्व्हर्टरचे वैरी म्हणजे उष्णता. चाके रुतलेली असताना ॲक्सिलरेटर दाबून ठेवल्यास सारी शक्ती तेल तापवण्यात जाते. म्हणून चिखलात शिरण्यापूर्वीच गाडी थांबवावी, गिअर न्यूट्रलमध्ये घ्यावा आणि दुसऱ्या दांड्याने ‘फोर-लो’ निवडावे. हा दांडा चालकालाच हलवावा लागतो; गिअरबॉक्स स्वयंचलित असला तरी हा निर्णय स्वयंचलित नाही. कोरड्या डांबरी रस्त्यावर येताच पुन्हा टू व्हील ड्राइव्हवर यावे. या गाड्यांत पुढचा व मागचा आस एकाच गतीने फिरत असल्याने वळणावर यंत्रणेवर ताण येतो.

सर्वांत महागात पडणारी चूक गावातच घडते. बंद पडलेली गाडी दोर बांधून ट्रॅक्टरने ओढत नेण्याची आपली सवय आहे. स्वयंचलित गिअरबॉक्समधील तेलाचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद असता चाके फिरत राहिल्यास आतील भागांना वंगण मिळत नाही. अशी गाडी धक्का मारूनही सुरू होत नाही. ती वाहनावर चढवूनच न्यावी किंवा पुस्तिकेत दिलेली पद्धत काटेकोरपणे पाळावी.

खरेदीपूर्वी गाडी स्वतःच्या शेतवाटेवर चालवून पाहावी आणि गिअरबॉक्सचे तेल कधी बदलावे, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.