रेग्युलेटर कमी ठेवला, तरी पंखा मध्येच का गुरगुरतो?

बुलढाणा जिल्ह्यातलं वरवट बकाल घ्या, नाहीतर तुमचं गाव घ्या. पिठाच्या गिरणीची मोटर बंद होते, स्टार्टरमध्ये ठिणगी पडते आणि त्याच लाइनवर व्होल्टेजची एक झटपट उसळी येते. तेवढ्यात घरातला हळू चाललेला पंखा क्षणभर गुरगुरतो. रेग्युलेटरला तर कुणी हात लावलेला नसतो!

गोल फिरवायच्या रेग्युलेटरमध्ये ट्रायॅक हा सेमीकंडक्टर स्विच असतो, थायरिस्टरचाच भाऊ. (खटक्यांच्या रेग्युलेटरमध्ये बहुधा कॅपॅसिटर असतात, त्यांची गोष्ट वेगळी.) 'गेट'ला बारीकसा करंट मिळाला की ट्रायॅक चालू होतो. मग गेटचा करंट काढून घेतला तरी तो बंद होत नाही. मुख्य करंट शून्याजवळ यावा लागतो.

गोम अशी की, बंद असताना त्याच्या आतला एक जोड छोट्या कॅपॅसिटरसारखा वागतो. त्यातून किती करंट जाईल हे व्होल्टेज किती आहे यावर नाही, तर ते किती वेगाने बदलतं यावर ठरतं. 100 पिकोफॅरडच्या जोडावर मायक्रोसेकंदाला 100 व्होल्ट चढले, तर 10 मिलिअँपिअर करंट वाहतो. नाजूक ट्रायॅकला एवढा पुरे! गेट गप्पच, पण दार आतून उघडलेलं.

म्हणून चिप बनवतानाच कॅथोडच्या थरात ठिकठिकाणी बारीक 'शॉर्ट' ठेवतात. भरकटलेला करंट तिथून परस्पर निघून जातो. फुकट मात्र काहीच नाही: असा स्विच मुद्दाम चालू करायलाही गेटला जास्त करंट द्यावा लागतो.

दुसरा बंदोबस्त बाहेरून. स्विचला समांतर एक रेझिस्टर आणि एक कॅपॅसिटर जोडतात, त्याला स्नबर म्हणतात. कॅपॅसिटर व्होल्टेजची चढण सौम्य करतो. स्विच चालू होताना तोच कॅपॅसिटर भसकन रिकामा होऊ नये म्हणून रेझिस्टर. पैसे वाचवायला हे दोन सुटे भाग गाळणं म्हणजे शुद्ध कंजुषी.

चंद्रपूर ते पडघे या 752 किलोमीटरच्या, 500 किलोव्होल्टच्या डीसी लाइनच्या दोन्ही टोकांना थायरिस्टरच काम करतात. तिथे ते एकामागे एक जोडलेले असतात आणि प्रत्येकाला आपापला स्नबर लागतो.

तुमचा पंखा मात्र क्षणभर नाही, कायमच पूर्ण वेगाने पळत असेल, तर ट्रायॅक बहुधा शॉर्ट झालाय. तिथे स्नबर लावून उपयोग नाही. मेन स्विच बंद करून रेग्युलेटरच बदलून घ्या.