पोचपावती परत आली पाहिजे

बिनतारी घर : लेखांक ७

वाय-फायच्या चॅनेल १, ६ आणि ११ यांपैकी आपल्या घराला कोणतं घ्यायचं, हे आज सांगणार होतो. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो. गोरठ्याकडच्या एका वाचकाचा प्रश्न आला आहे आणि तो बाजूला ठेवून पुढं जाणं मला जमेना.

त्यांच्या गावातल्या घरी फायबर आहे. तिथून दोनशे मीटरवर शेतात आखाडा, भाऊ तिथंच राहतो. सहा अँटेनांचा महागडा राऊटर आणून खिडकीत ठेवला. आता आखाड्यावर मोबाईल वाय-फायचे दोन दांडे दाखवतो, पण व्हॉट्सॲपवरचा एक फोटो उघडेल तर शपथ! ते विचारतात, ‘दांडे दिसतात म्हणजे रेंज आहे ना? मग अडतंय कुठं?’

अडतंय परतीच्या वाटेवर.

मोबाईलवरचे दांडे एवढंच सांगतात की राऊटरचं बोलणं मोबाईलला किती ऐकू येतंय. मोबाईलचं बोलणं राऊटरला ऐकू येतंय का, याबद्दल ते काहीच बोलत नाहीत. रेडिओवर बातम्या ऐकताना आपल्याला आकाशवाणीला उत्तर द्यावं लागत नाही. वाय-फायमध्ये द्यावं लागतं. राऊटरने पाकीट धाडलं की मोबाईलने ताबडतोब पोच द्यायची, रजिस्टर पत्राच्या पोचपावतीसारखी. ती ठरल्या वेळात आली नाही तर राऊटर पाकीट गहाळ झालं असं धरतो आणि तेच पुन्हा धाडतो. मग पुन्हा. आखाड्यावर नेमकं हेच चाललं आहे.

घरातला राऊटर साधारण १०० मिलिवॉटने बोलतो. २.४ गिगाहर्ट्‌झच्या विनापरवाना पट्ट्यात आपल्याकडे अँटेनाने आवाज एकवटल्याचा लाभ धरून ४ वॉटपर्यंत मुभा आहे. मोबाईलला मात्र बॅटरी जपायची असते, तो बहुधा राऊटरच्या निम्म्या जोरानेच बोलतो, कधी त्याहूनही कमी. मोठा राऊटर घेतल्याने त्याचा आवाज वाढतो, कान थोडेफार सुधारतात. पण भावाच्या हातातला मोबाईल होता तेवढ्याच ताकदीचा राहतो. त्यात राऊटर खिडकीत आणि खिडकीपुढं पत्र्याचं शेड असेल, तर उरलासुरला आवाजही पत्र्यावर आपटून माघारी फिरतो.

मग करायचं काय? जोर वाढवण्याचा नाद सोडायचा आणि आवाजाला दिशा द्यायची. घराच्या माळवदावर एक आणि आखाड्यावर एक, असे एका दिशेच्या अँटेनाचे दोन डबे एकमेकांकडे तोंड करून बसवायचे. बाजारात ५ गिगाहर्ट्‌झचे, १३ डीबीआय लाभाचे डबे सहज मिळतात. १३ डेसिबल म्हणजे वीस पट. आणि अँटेनाची खरी गंमत पुढं आहे: ती बोलताना जेवढा लाभ देते, तेवढाच ऐकतानाही देते. दोन्ही टोकांचे मिळून २६ डेसिबल झाले, म्हणजे चारशे पट, तेही जाताना आणि येतानाही. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत ६ डेसिबल जातात, हे आपण मागे पाहिलं. त्या हिशेबाने चारशे पटीत अंतर वीस पट वाढतं. दोनशे मीटर ही मग काहीच गोष्ट नाही. आखाड्यावर उतरलेलं इंटरनेट तिथल्या साध्या, स्वस्त राऊटरला द्या. भावाच्या मोबाईलला मग दहा पावलांवर पोच द्यायची असते.

दिशा आणि पोच या दोनच गोष्टींवर केवढी मजल मारता येते, याचा माझा लाडका दाखला व्हेनेझुएलाचा आहे. एर्मानो पिएत्रोसेमोली या प्राध्यापकांनी २००६ साली अँडीज पर्वतातल्या एका शिखरावरून २७९ किलोमीटरवर वाय-फाय नेलं. राऊटर घरगुती वापराचेच, अँटेना मात्र मोठ्या तबकड्यांच्या. एवढ्या अंतरावर संदेश जाऊन पोच परत यायलाच जवळपास १.९ मिलिसेकंद लागतात, आणि घरगुती राऊटर पोचेची वाट पाहतो सेकंदाचे काही दशलक्षांश भाग. त्यांनी राऊटरला जास्त वेळ थांबायला लावलं, तेव्हा जोडणी झाली. पुढच्या वर्षी अंतर ३८२ किलोमीटर झालं. बर्कलीच्या संशोधकांनी पोच देण्याची रीतच बदलली होती, त्यामुळे वेग दोन्ही बाजूंनी सुमारे ३ मेगाबिटपर्यंत गेला. हेच तंत्र तमिळनाडूत थेनीच्या परिसरात अरविंद नेत्र रुग्णालयाच्या कामी आलं. खेड्यातल्या केंद्रात बसलेला रुग्ण आणि रुग्णालयातले डॉक्टर या वाय-फायवरून समोरासमोर बोलू लागले.

आता गोरठ्याला परत येऊ. दोन डब्यांमध्ये नजर पोचते म्हणून भागत नाही. लहरींना मध्यावर फुगलेली वाट लागते. दोनशे मीटरवर, ५.८ गिगाहर्ट्‌झला, ती मधोमध सगळीकडून सुमारे १.६ मीटर फुगते, आणि तिचा निम्म्याहून जास्त भाग तरी मोकळा हवा. मधे सोयाबीन असेल तर काळजी नाही. तूर पुरुषभर वाढते, ऊस त्याच्याही वर जातो. जूनमध्ये सुसाट चालणारी जोडणी सप्टेंबरात कुरकुरायला लागते, ती बऱ्याचदा अशा ओल्या पाल्यामुळे. म्हणून उंची उन्हाळ्यातलं रान पाहून ठरवू नका. पीक डोक्यावर आलेलं मनात धरून खांब उभा करा. खांबाला अर्थिंग द्याच. आपल्याकडं मृगाच्या आधी विजा कशा कोसळतात, ते सांगायला नको.

याच वाचकांनी शेवटी विचारलंय, ‘एवढं केलंच तर आखाड्याच्या आसपासच्या चार घरांनाही द्यावं का, थोडे पैसे घेऊन?’ देण्याची इच्छा मला मनापासून आवडली. पण घरगुती जोडणी परस्पर विकायला कंपन्यांच्या अटी सहसा परवानगी देत नाहीत, आणि पासवर्ड न लावता सोडून देणं तर नकोच. २६ जुलै २००८ ला अहमदाबादच्या स्फोटांआधी आलेला धमकीचा ईमेल नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरातल्या वाय-फायवरून गेला होता. पोलीस पोचले ते त्या घरात राहणाऱ्याच्या दारात.

सरळ मार्ग आहे तो पीएम-वाणी या केंद्राच्या सार्वजनिक वाय-फाय योजनेचा. ९ डिसेंबर २०२० ला केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याला मंजुरी दिली. किराणा दुकानदार, स्टेशनसमोरचा चहावाला, कुणीही सार्वजनिक डेटा कार्यालय, म्हणजे पीडीओ होऊ शकतो; त्याला परवाना लागत नाही, नोंदणी लागत नाही, शुल्कही नाही. ग्राहकाची ओळख ॲपवर पटते आणि हिशेब मधली संस्था सांभाळते. पूर्वी अडचण एकच होती, कंपन्या पीडीओला महागड्या व्यावसायिक जोडण्या घ्यायला लावत. जून २०२५ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाने त्यावर मर्यादा घातली: २०० मेगाबिटपर्यंतच्या घरगुती योजना पीडीओला जास्तीत जास्त दुप्पट दरात द्यायच्या. चार घरांत वाटून घेतलं तर हा दर कुणालाच जड नाही. उमरीसारख्या गावात, जिथं एका गल्लीत एकाच घरी फायबर येतं, तिथं ही व्यवस्था रुजावी असं मला फार वाटतं.

तर मंडळी, चॅनेलचं पुढच्या आठवड्यात नक्की. तोवर एक काम करा. घरातल्या पाच जागा ठरवा, तिथल्या सिग्नलचा डीबीएममधला आकडा सकाळी एकदा आणि रात्री नऊच्या सुमारास एकदा वहीत लिहून ठेवा. सोबत आजूबाजूची किती वाय-फाय नावं दिसतात आणि ती कोणत्या चॅनेलवर आहेत, तेही लिहा. त्या वहीशिवाय पुढचा लेखांक अर्धाच कळेल.