उंचीचा घाट

बीडहून सोलापूरकडे निघालेल्या एस.टी.ला वाटेत मांजरसुंब्याचा घाट लागतो. तोपर्यंत चढ फारसा जाणवत नाही. मग गाडी घाट चढते आणि बालाघाटच्या पठारावर येते. तुमच्या उंचीचा आलेख काढलात, तर तोही काहीसा असाच दिसेल. वयाच्या चौथ्या-पाचव्या वर्षापासून उंची दरवर्षी साधारण ५ ते ६ सेंटिमीटरने वाढते. किशोरवयात एकदम चढ लागतो, आणि पुढे पठार येते. म्हणजे उंची वाढायची थांबते.

हा घाट सर्वांना एकाच वयात लागत नाही. मुलींना तो सरासरीने दहाव्या वर्षाच्या सुमारास लागतो. बाराव्या वर्षाच्या आसपास त्यांची वाढ सर्वांत वेगवान, म्हणजे वर्षाला सुमारे ८ सेंटिमीटर असते. मुलगे सुमारे दोन वर्षे मागे असतात. चौदाव्या वर्षाच्या आसपास त्यांचा वेग वर्षाला ९ ते १० सेंटिमीटरपर्यंत जातो. म्हणून सहावी-सातवीच्या वर्गात कित्येक मुली मुलांपेक्षा उंच दिसतात आणि दहावीपर्यंत चित्र पालटते. पण हे झाले सरासरीचे आकडे. तेरा वर्षांच्या दोन मुलांच्या उंचीत १५ सेंटिमीटरचा फरक असला, तरी दोघेही पूर्ण निरोगी असू शकतात. एक अर्धा घाट चढून गेलेला असतो, दुसरा अजून पायथ्याशी असतो, इतकेच.

आता हाडाच्या आत डोकावू. मांडीच्या किंवा पायाच्या लांब हाडाच्या टोकाजवळ कूर्चेची एक पातळ पट्टी असते. तिला वाढपट्टी म्हणू. तिच्यातील पेशी सतत विभागतात, एकावर एक रचल्या जातात आणि त्या कूर्चेचे हाड बनत जाते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून येणारे वृद्धिसंप्रेरक आणि गळ्यातील अवटू ग्रंथीचे संप्रेरक या कामाला चालना देतात. किशोरवयात त्यांना लैंगिक संप्रेरकांची जोड मिळते आणि वेग वाढतो. प्रथम हात-पाय लांबतात, धड मागाहून वाढते. उंचीच्या आधी चप्पल अपुरी पडू लागते, ती यामुळेच!

गंमत अशी, की वाढीला जोर देणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरकच शेवटी वाढपट्टी बंद करते. मुलांच्या शरीरातही ते थोड्या प्रमाणात तयार होते. पट्टीचे पूर्ण हाड झाले की त्या हाडाची लांबी वाढत नाही. मुलींची उंची बहुधा पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत आणि मुलांची सतरा-अठराव्या वर्षापर्यंत पूर्ण होते. पोलीस शिपाई भरतीसाठी पुरुषांना १६५ आणि महिलांना १५५ सेंटिमीटर उंची लागते. त्या आशेने अनेक जण बारला लोंबकळतात किंवा जाहिरातीतील भुकटी विकत घेतात. पण बंद झालेली वाढपट्टी अशा कोणत्याही उपायाने उघडत नाही. जे करायचे ते ती उघडी असतानाच करायला हवे.

मग वाढ नीट चालली आहे हे कसे ओळखावे? एकदा मोजून ते कळत नाही. फ्रान्समध्ये मोंबेयार नावाच्या गृहस्थाने १७५९ ते १७७७ अशी अठरा वर्षे आपल्या मुलाची उंची वेळोवेळी मोजून नोंदवली. किशोरवयातील हा चढ त्या आकड्यांत स्पष्ट दिसतो. तुम्हीही हे करू शकता. अनवाणी उभे राहा. टाचा भिंतीला टेकवा, नजर समोर ठेवा. डोक्यावर पुठ्ठ्याचे जाड पुस्तक भिंतीशी काटकोनात धरून मित्राला खूण करायला सांगा. मोजमाप शक्यतो सकाळी एकाच वेळी घ्या, कारण दिवसभरात पाठीच्या मणक्यांमधील चकत्या दबून उंची सुमारे एक सेंटिमीटर कमी भरते. समजा, जूनमध्ये उंची १४२.० आणि डिसेंबरमध्ये १४४.६ सेंटिमीटर भरली. सहा महिन्यांत २.६, म्हणजे वर्षाला ५.२ सेंटिमीटर. हा झाला तुमचा वेग.

वर्षभरात ४ सेंटिमीटरही वाढ झाली नाही आणि वयात येण्याची चिन्हेही नाहीत, तर डॉक्टरांना दाखवा. मुलीला तेराव्या किंवा मुलाला चौदाव्या वर्षापर्यंत अशी चिन्हे दिसली नाहीत, तरीही दाखवा. डाव्या हाताच्या व मनगटाच्या क्ष-किरण चित्रावरून हाडांचे वय, म्हणजे वाढीला अजून किती वाव आहे, ते समजते. अवटू ग्रंथीचे काम मंद असणे किंवा वृद्धिसंप्रेरक कमी पडणे यांवर उपचार आहेत. मात्र ते वेळेत व्हायला हवेत.

उंचीची कमाल मर्यादा बरीचशी आईवडिलांकडून येते; पण तिथवर पोहोचायला अन्न लागते. नुसत्या भाकरीने भागत नाही. सोबत डाळ, शेंगदाणे, पालेभाजी, दूध किंवा अंडे हवे आणि रात्रीची पुरेशी झोपही हवी. वारंवार होणारे जुलाब व ताप वाढीचा वेग कमी करतात. बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परततात. बरोबर गेलेल्या मुलांचे शाळेतले दुपारचे जेवण सुटते, आरोग्य तपासणी चुकते, आणि तेही नेमके घाटाच्या वर्षांत. गावी राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे चालतात, ती याही दृष्टीने महत्त्वाची आहेत.

शिक्षकांनी जूनमध्ये शाळा उघडताच वर्गातील प्रत्येकाची उंची एका वहीत लिहून ठेवावी. जी मुले गावाबाहेर जातील त्यांना आपला आकडा कागदावर लिहून द्यावा, म्हणजे डिसेंबरचे मोजमाप ती जिथे असतील तिथे होऊ शकेल. आणि मित्रांनो, उंची शेजारच्या मित्राशी ताडून पाहू नका. आपल्याच सहा महिन्यांपूर्वीच्या आकड्याशी ताडून पाहा.